करगा समजून उपटलेलं धान

गुरुजी, आज वर्गात इंग्रजी क्रियापदं घेतली. प्लक म्हणजे खुडणं, पुल म्हणजे ओढणं, स्नॅच म्हणजे हिसकावणं. अपरूट आलं आणि मला हसू आलं. पोरं बघतच राहिली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून तुम्हाला लिहायला घेतलं. चांदा जिल्हा आता मुंबई राज्यात गेला, पण शाळा तीच आहे. तुमच्या खुर्चीवर मी बसतो.

निंदणाचे दिवस होते. धानात करगा माजला होता. रानटी धानच ते, कोवळेपणी अगदी आपल्या धानासारखं दिसतं. निंदायला माणसं मिळेनात म्हणून बाबांनी मला शाळेतून काढलं होतं, आणि परत पाठवायचं त्यांच्या मनात नव्हतं. एका सकाळी तुम्ही धोतर खोचून आमच्या बांधीत, धानाच्या खाचरात, उतरलात. मला ते अजून दिसतं. तुम्ही चिखलात उभे, बाबा मान वर करत नाहीत.

"इंग्रजी शिकून का धान पिकते, गुरुजी?"

"पिकत नाई, भाऊ. पण पोरगा शाळेत येत नाई, तं शाळाच इथी आणली." तुम्ही वाकता, मला म्हणता, "अपरूट म्हणजे असं," आणि एक मूठ मुळासकट उपटून वर धरता.

बाबा मुठीकडे बघतात. "काऊन उपटलं ते? धान हाय ते."

तुम्ही दुसरी मूठ उपटता. तेही धान. निंदणाऱ्या बाया तोंडाला पदर लावतात, आणि बाबाही हसू लागतात. "घेऊन जा पोराले, गुरुजी. तुम्ही अजून घडीभर राह्यले तं माझी बांधी खाली होते."

तुम्ही गेलात तेव्हा तेराव्याला तुमच्या गावी, चामोर्शीकडे, गेलो होतो. चहूकडे धानाच्या बांध्या. तुमच्या थोरल्या भावांना मी हा किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. "त्याले करगा ओळखू येत नाई? लहानपणापासून आमच्या बांध्या तोच तं निंदे."

बाबा आता थकले आहेत. तरी कुणी पाहुणा आला की मास्तरानं धान कसं उपटलं ते सांगून पोटभर हसतात. त्यांना मी खरं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. हे कागद घडी करून पोथीत ठेवतो. एक मात्र तुम्हालाच सांगतो, गुरुजी. इतकी वर्षं खडू धरल्यावर करगा कुठला आणि धान कुठलं, ते मला आता खरोखरच ओळखू येत नाही.