एक पाय जमिनीवर

७ ऑक्टोबर १९७४, सोमवार

घर्रर्र... घर्रर्र... हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचा आवाज! सकाळी त्यानंच जाग आली. उठून बसलो, तर खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र. पण तेवढ्या क्षणापुरता मी एकोणीसशे पंचवीस सालात होतो. तोंडाला पिवळा रंग फासलेला, आणि समोर आमचा जाडा कॅमेरामन गस विझलेली सिगार दातात धरून हँडल फिरवतोय. त्या तालावर आम्ही रडायचो, प्रेमात पडायचो, घोड्यावर चढायचो. पुढे बोलपट आले आणि घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा गोधडीत गुंडाळला गेला. सिनेमाला आवाज मिळाला म्हणतात. माझा आवडता आवाज मात्र तेव्हाच गेला.

दुपारी मिल्टचा फोन. मिल्ट म्हणजे माझा एजंट. मला वाटलं होतं, आम्ही दोघं एकमेकांना न सांगताच निवृत्त झालोय.

"ड्रेक, काम आलंय."

अकरा वर्षांनी! मी उभा राहिलो. फोनवर, एकटाच, खुर्चीतून ताडकन उभा राहिलो.

"हिरोचा बाप आहे. एकच प्रसंग, पण काय प्रसंग!"

"काय करतो बाप?"

मिल्ट उगाच खोकला. "मरतो."

मी फोन ठेवला.

८ ऑक्टोबर

नाही म्हणजे नाही!

ड्रेक हॅलम पडद्यावर कधी मेलेला नाही. जहाज बुडालं, मी पोहत आलो. विमान पडलं, मी धुरातून टाय नीट करत बाहेर आलो. गोळ्या लागल्या, त्या सगळ्या डाव्या खांद्याला. उजवा हात मुलीला जवळ घ्यायला मोकळा लागायचा ना!

एकदाच मारून पाहिलं मला. पोमोना गावच्या थिएटरात चाचणीचा खेळ लावला, तर बायका उठून थेट मशीनच्या खोलीत घुसल्या. स्टुडिओचा मालक — त्याला आम्ही सगळे म्हातारा म्हणायचो — दुसऱ्या दिवशी टेबलावर हात आपटून म्हणाला, "हा चेहरा माझा आहे. त्यानं कधी मरायचं ते मी ठरवीन." त्याच आठवड्यात शेवट पुन्हा घेतला. मी डोळे उघडतो आणि म्हणतो, "उजाडलं का?" टाळ्या!

म्हातारा गेला. स्टुडिओच्या जागेवर आता गाद्यांचं दुकान आहे. पण तो हुकूम मागे घ्यायला कुणी उरलंच नाही. म्हणजे तो अजून चालू आहे!

११ ऑक्टोबर

दिग्दर्शक स्वतःच घरी आला. जोएल बेरेन्स्की, तिशीचाही नसेल. दाढी, पायांत चपला. मी खुर्ची दिली तर खाली गालिच्यावरच बसला. हेस्टरनं त्याला लिंबाचं सरबत दिलं आणि माझ्याकडे पाहून भुवई उडवली. हेस्टर माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर कॅन्ससहून आली ती राहिलीच. मला एल्मर म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस. एल्मर ग्रब! म्हातारा म्हणाला होता, "ग्रब नावाच्या माणसाच्या गळ्यात कोण बाई पडेल?" झालं. एल्मर गेला, ड्रेक आला.

"हॅलमसाहेब, तुम्ही कधी मेला नाहीत म्हणूनच तुम्ही हवेत," पोरगा म्हणाला. "माझ्या आईनं तुम्हाला प्रत्येक संकटातून वाचताना पाहिलंय. लोकांना शेवटपर्यंत वाटलं पाहिजे, हा उठणार. आत्ता उठणार."

"आणि मग?"

"मग तुम्ही उठत नाही."

मी त्याला दार दाखवलं. गेला बिचारा. सरबत मात्र संपवून गेला.

"पोरगं बरं होतं," हेस्टर म्हणाली. "पाय तेवढे धुवायला हवेत."

१२ ऑक्टोबर

हेस्टर बोलत नाही. मीही बोलत नाही. तिनं मांस करपवलं. मुद्दाम!

१४ ऑक्टोबर

शेवटी ती बोलली. मटार सोलता सोलता, मान वर न करता. "तुला मरता येत नाही, म्हणून तू नाही म्हणतोयस."

"मला? मला येत नाही?"

"कधी केलंयस?"

मी भडकलो. अगं, शाळेत दर शुक्रवारी कविता म्हणायला मिस ट्विचेल कुणाला उभं करायच्या? त्या सगळ्या कवितांतून शूर लोक मरतच असायचे! जहाजाच्या डेकवर, पुलावर, बर्फात. लाकडी फळीवर उभा राहून मी मरायचो आणि पुढच्या बाकावरच्या मुली नाकं पुसायच्या. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या फळीवरून सुरू झालं. आणि हिला माझ्याबद्दल शंका!

"मग मर बघू," हेस्टर म्हणाली. मटारचं भांडं घेऊन ती माझ्या पलंगासमोर येऊन बसली.

मी आडवा झालो. डोळे मिटले. श्वास लांबवला.

"तू मरतोयस की फोटो काढून घेतोयस?"

खरंच की! मान आपोआप उजवीकडे वळली होती. डावी बाजू माझी चांगली. पुन्हा केलं.

"आता कुणाकडे बघून हसलास?"

पुन्हा केलं. या वेळी बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, जमलं. रडली असेल. डोळे किलकिले केले तर ती वाकून खाली बघत होती.

"एल्मर, तुझा पाय."

उजवा पाय पलंगाखाली. तळवा जमिनीला नीट टेकलेला.

मी तो वर घेतला. पुन्हा मेलो. पाय पुन्हा खाली! शपथ घेऊन सांगतो, मी ठेवला नव्हता. त्याचा तोच गेला.

मग मला आठवलं आणि हसू आवरेना. आमच्या काळी पडद्यावर पलंग, त्यावर बाई आणि पुरुष म्हटलं की स्टुडिओचा नियम एकच: पुरुषाचा एक पाय जमिनीवर हवा. नवराबायको असले तरी! कॅमेऱ्यामागे एक गंभीर माणूस फक्त त्या पायावर नजर ठेवून बसलेला असायचा. पाय उचलला की तो "कट!" ओरडायचा. बाकीचं सगळं विसरलो. संवाद विसरलो, दोन बायकांचे वाढदिवस विसरलो. हा पाय मात्र अजून त्या माणसाला घाबरून आहे!

हेस्टर म्हणाली, "मेल्या, तुझी अब्रू तुझ्या टाचेत आहे."

संध्याकाळी मिल्टला फोन केला. "बाप कोण करतंय?"

"अजून कुणी नाही."

"मग बाप करणारा माणूसच बोलतोय!"

१८ ऑक्टोबर

आज चाचणी झाली. मोठा सेट, मधोमध जुना पितळी पलंग. सगळी पोरं केस वाढवलेली. एकानं मला "दोस्त" म्हटलं. चालेल!

मी आडवा झालो. कथेची वही धरून बसलेली मुलगी म्हणाली, "सर, पाय वर घेता का?"

मी त्यांना नियम सांगितला. "खरंच?" "बाईशी लग्न झालेलं असलं तरी?" मग असे हसले की वर दिवे धरणाऱ्याला शिडीला लटकावं लागलं. मीही हसलो. जोएल तेवढा हसला नाही. पलंगाला एक फेरी मारली, खाली बसून माझ्या पायाकडे बघत राहिला.

"पाय तसाच ठेवा."

"अरे, मरणारा माणूस..."

"सगळं अंग गादीवर. तो एक पाय खाली. म्हणजे हा माणूस जायला तयारच नाही. आता उठेन म्हणतोय. मग डोळे मिटतात. श्वास थांबतो. तरी पाय खालीच. शेवटी मुलगा येतो, वाकतो, दोन्ही हातांनी तो पाय उचलतो आणि पांघरुणात ठेवतो. तेव्हा कळतं. रडारड नाही, काही नाही."

हे सुचलं कुणाला? चपला घालणारं पोरगं!

केलं. हिरोचं काम करणाऱ्या मुलानं माझा पाय उचलला आणि पांघरुणात ठेवला. नंतर कुणी "कट" म्हणालंच नाही. शिडीवरच्यानं नाक शिंकरलं, तेव्हा सगळे भानावर आले.

मी मेलो! आणि काय मेलो! येताना टॅक्सीत मिस ट्विचेलच्या कविता मोठ्यानं म्हटल्या. टॅक्सीवाला म्हणाला, "आजोबा, लॉटरी लागली का?"

२१ ऑक्टोबर

उद्या विम्याचा डॉक्टर येणार. नेहमीचंच. चित्रपटाआधी ते सगळ्यांना तपासतात.

२२ ऑक्टोबर

तरुण डॉक्टर, हात थंडगार. छाती ऐकली, पाठ ऐकली, पुन्हा छाती. फार वेळ ऐकत बसला.

"काम काय आहे?"

"मरायचं."

हसला नाही. कानातली नळी काढून गळ्यात अडकवली. "हॅलमसाहेब, मी सही करू शकत नाही."

"धावायचं नाही, घोड्यावर बसायचं नाही. पडून मरायचंय फक्त!"

"तेच. तुम्ही तिथे खरोखर गेलात तर अर्धा चित्रपट फुकट जाईल. ही धोका घेण्यासारखी छाती नाही."

"किती दिवस आहेत?"

"सांभाळून राहिलात तर बरेच. जिने नकोत. टेकड्या नकोत. दिवे, दगदग, उत्साह — काही नको."

उत्साह नको! हेस्टरला सांगितलं, तर आधी ती पोट धरधरून हसली. "मरायचं काम करायला ठणठणीत माणूस लागतो म्हण की!" मग हसता हसताच एप्रन तोंडाला लावून आत गेली. बाहेर आली तेव्हा मोटारीच्या किल्ल्या हुकावर नव्हत्या.

२४ ऑक्टोबर

जोएलचा फोन. आवाज बसलेला. निर्मात्यांशी भांडला, काही झालं नाही. विम्याशिवाय बँक दमडी सोडत नाही. काम वॉर्ड लिंडनला दिलं.

वॉर्ड लिंडन! सात चित्रपटांत तो माझ्या मागे उभा होता. फुलं घेऊन स्टेशनवर तो, मुलीला घेऊन गाडीत मी. अंगठी खिशात ठेवून "सुखी राहा" म्हणणारा तो. भला माणूस, चांगला मित्र, शेवटच्या रिळात एकटा. त्याला त्याचेच पैसे मिळायचे! आणि आता माझा पलंग त्याला? माझा पाय त्याला? तो पाय खाली ठेवेल आणि लोकांना वाटेल, म्हाताऱ्याला चपला सापडत नाहीयेत!

२६ ऑक्टोबर

मिल्टला म्हणालो, "कसल्याही कागदावर सही करतो. मेलो तर माझा मी मेलो."

"ड्रेक, ऐक. घरी बस. बागेत बस."

बागेत बसायला मी काय कुंडी आहे?

दुपारी हेस्टर दुकानात गेल्यावर घरामागची टेकडी चढलो. पाण्याच्या टाकीपर्यंत! थांबत, दम घेत, युकॅलिप्टसला धरत. वर गेल्यावर सगळं खोरं दिसत होतं. वारा असा की टोपी उडाली. ती खोऱ्यात गेली, जाऊ दे. तिथे उभा राहून साऱ्या खोऱ्याला शाळेतली कविता ऐकवली:

वारा म्हणे, विझ आता. वात म्हणे, थांब जरा,
दर्यावर एक होडी आहे, तिला दिसू दे किनारा.

एक शब्द चुकलो नाही! छाती धडधडत होती, धडधडू दे. त्यासाठीच ती दिलीय. सांभाळून ठेवायची, कुणासाठी? विमा कंपनीसाठी? डॉक्टरला वाटतं, मला मरायची भीती वाटायला हवी. मला भीती वाटते ती न विचारता, न बघता, बागेतल्या खुर्चीत जाण्याची. ज्या माणसाला सगळ्या देशानं वाचताना पाहिलं, त्यानं जाताना कुणी बघायला नको?

खाली आलो तर हेस्टर दारात उभी.

"टेकडीवर होतास."

"हो!"

"परत जाशील?"

"हो!"

तिनं माझ्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "टोपी कुठंय, गाढवा?"

३० ऑक्टोबर

उद्या वॉर्डचा प्रसंग चित्रित होणार. रेडिओ लावला, बंद केला. मी रोज सकाळी पलंगावर मरतो. सोडणार नाही. कुणी बघो न बघो!

३१ ऑक्टोबर, गुरुवार

आज हॅलोविन. संध्याकाळी पोरं भुतं बनून दारोदार गोळ्या मागत फिरतात, म्हणून हेस्टरनं वाडगा भरून दाराशी ठेवलाय. पण बेल वाजली ती सकाळीच.

हेस्टरनं दार उघडलं आणि ओरडली, "एल्मर! दारात मेलेला माणूस उभा आहे आणि गोळ्या घेत नाहीये!"

वॉर्ड लिंडन. पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली काळं, ओठ निळे. सगळा मेकअप. ओव्हरकोटाखाली झोपायचा लांब अंगरखा, अनवाणी.

"पहाटेपासून ते पोरगं एकच म्हणतंय, हॅलमसारखं करा," तो म्हणाला. "अख्खं आयुष्य हॅलमच्या मागे उभा राहिलो, ठीक आहे. हॅलमची नक्कल करत मरणार नाही! खोटंच सांगितलं, छातीत कळ आली, आणि निघून आलो."

"वॉर्ड, पण विमा..."

"सेट आज संध्याकाळी मोडायचाय आणि त्यांच्याकडे बाप नाही. निर्माता ओरडतोय, विमा गेला खड्ड्यात, त्या वेड्या म्हाताऱ्याला आणा! मेलास तर तुझा तू, अशा कागदावर सही तेवढी करावी लागेल." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि हॅलम, चांगला मर. नाहीतर मी उगाच काम सोडलं."

तो मोटारीत जाऊन बसलाय. मी हे उभ्यानं लिहितोय. हेस्टरनं माझा चांगला कोट आणला, बाह्या सारख्या केल्या, बटणं तिनंच लावली. अडवलं नाही.

"रात्री जेवायला ये, म्हणजे झालं," म्हणाली.

हॉर्न वाजतोय. निघालो!