न कापलेलं पान

देवास, पौष वद्य चतुर्थी, दिवेलागण

आज ती शिट्टी वाजवली आणि सगळं बदललं. धार विरुद्ध देवास, बास्केटबॉल, पंच मी. कारण नियमांचं पुस्तक गावात माझ्या एकट्याकडे. धारचा कप्तान माधवराव, यमूचा थोरला भाऊ, टप्पे मारत आला, चेंडू हातात धरून थांबला, पुन्हा टप्पे मारू लागला. मी शिट्टी दिली: एकदा थांबलं की पुन्हा टप्पे नाहीत. चेंडू देवासला दिला.

"अहो, मध्ये तुमच्या गड्याचा हात लागला चेंडूला!" माधवराव ओरडला.

"नियम मला शिकवू नका. कॉलेजात मी होतो."

"होतात. अर्ध्यातून पळून आलात!"

डोकं फिरलं. त्याला मैदानाबाहेर घालवलं. त्याच चेंडूवर देवास जिंकलं.

आता घरी पुस्तक काढलं. पुढली पानं अजून जोडलेलीच, सुरीने कापली. प्रतिपक्षाचा हात लागला, तर पुन्हा टप्पे मारता येतात. आणि हात लागलाच होता, मी पाहिला होता. पुस्तकसुद्धा अर्ध्यात सोडलं होतं मी!

थकलो. उद्या माधवराव यमूचं आणि माझं लग्न ठरवायला माझ्या वडिलांकडे येणार होता. आता कसला येतो? चूक कबूल केली तर आपली पोरं म्हणतील, "भिया, ये क्या किया?" म्हणोत. तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. धारवाले अजून धर्मशाळेत आहेत. जातोच. दार ओढून घेतो.