वाघखान्याचं दार

५ नोव्हेंबर १९४८
हा वाघखाना मला कितीला पडला? अकरा वर्षं गाडीखाली झोप, बैलाच्या लाथेनं गेलेले दोन दात आणि थोरल्या भावाशी अबोला. पण मिळाला. जहागिरी गेली, तिचा दगडी वाघखाना आता माझी गुळाची वखार. पुढच्या पिंजऱ्यात माझी बैठक. गजांतून वारा झकास येतो. मागं वाघाची खोली, मधे साखळीनं वर जाणारं लोखंडी दार. सांगलीचे व्यापारी कल्लाप्पा पहिल्या गाड्या माझ्याकडं धाडणार. माझे कान तिखट. कुणाच्या चाकाचा आस वंगणाविना सुकलाय ते मैलावरून सांगतो.

८ नोव्हेंबर
दुपारी चारला दार करकरत वर गेलं आणि परत पडलं. साखळीपाशी कुणी नव्हतं. हमाल गुळाचे रवे टाकून पळाले.
जुना राखणदार जोतीराम म्हणाला, चार म्हणजे मटणाची वेळ. नऊ वर्षांमागं वरून हुकूम आला, वाघाचं खाणं बंद. दार यानंच पाडलं. एकवीस दिवस आतून पंजा घासल्याचा आवाज येत होता. दप्तरात मात्र, ‘वाघ एक, म्हातारपणानं मयत’.
‘आवं शेठ, त्यो अजून वाट बघतोय,’ म्हणे. मी म्हटलं, मग गूळ चाटायला सांग त्याला.

११ नोव्हेंबर
रोज चार, रोज करकर, रोज हमाल पसार. जीव विटला. मुकादम आकाराम म्हणतो, आवाज बंद करा, मग थांबतो. एवढंच ना? साखळी, कप्पी, खाचा, सगळीकडं वंगण चोपडलं. चारला सगळं गप्प. हमाल थांबले.
जोतीराम तेवढा चिडला. करकर व्हती तवा कळत तरी व्हतं, म्हणाला.

१३ नोव्हेंबर
पाचला पाहिलं तर दार पुरतं वर. कधी गेलं? माझ्या गादीवर चार उभ्या चिरा. आकाराम माणसं घेऊन गेला. पागोटंसुद्धा विसरला.

१४ नोव्हेंबर
कल्लाप्पांचा निरोप: चार ते पाच स्वतः आत बसून दाखवा, नाहीतर गाड्या कराडला. एवढ्यासाठी अकरा वर्षं— बसतो.

१५ नोव्हेंबर
पावणेचार. दारासमोर बसलोय. कल्लाप्पांचा माणूस गजांबाहेर पान चघळतोय.
चार. दार खाली.
सव्वाचार. खालीच. लिहिताना तेवढी मान—
बाहेरचा माणूस पळतोय.
दार वर आहे. मला ऐकू आलं न—