तळ्याचा गाळ

मास्तर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आज शाळेतून आले ती चहाही न करता तशीच लिहायला बसले आहे.

सातवीत होतो आम्ही सहा जण. तुम्ही धडा अर्धा सोडून आम्हाला कुंभारवाड्याच्या तळ्यावर नेलंत. बांधावर, गुडघाभर गवतात तो शिलालेख. ओल्या फडक्यानं शेवाळ पुसत तुम्ही जुनी कन्नड अक्षरं लावताय आणि मध्येच मला विचारताय, "तळं कुणी खणलं गं?"

"राजानं."

"राजा आला हुता व्हय हितं फावडं घेऊन?"

सगळे हसले, मला रडू आलं. मग तुम्ही माझ्याशेजारी गवतात बसलात आणि दगडावरचं एकेक वाक्य सांगितलंत. हजारेक वर्षांपूर्वी इथं गावाची सभा भरली, गावचा प्रमुख गौडा, कुंभार, तेली एकत्र बसले, आणि ठरलं की दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस येऊन गाळ काढील. राजाचं नाव एका ओळीत, बाकी सगळा दगड गावाचा. त्या वर्षी गाळ काढायला तुम्हीही धोतर खोचून उतरला होतात.

मीही शिक्षिका झाले, आता तोच धडा शिकवते. वीस घरांची सात राहिली. यंदा गाळाला आम्ही चौघी होतो, दोघी साठीच्या पुढच्या. तिसऱ्या दिवशी मला कमरेतून वाकता येईना. तळं अर्धंच उपसलं आणि घरी आलो.

गेल्या आठवड्यात वनखात्याची बैठक झाली, जंगलातलं हे गाव सोडून रामनगरकडे राहायला जायचं की नाही याची. खात्याचा साहेब भला माणूस. त्यांनी विचारलं, "गाव किती जुनं, कुणी सांगू शकेल का?" शेजारची काकी माझ्याकडे वळली. "बाई, तू सांग की. मास्तरांनी वाचल्यालं तुला ठावं हाय."

"आता आठवत न्हाई, काकी," मी म्हटलं.

आठवत होतं, मास्तर, ओळ न् ओळ. पण सांगितलं असतं तर काकीसारखे चारजण हट्टानं इथंच राहिले असते, आणि त्यांना सोडून मलाही निघता आलं नसतं. काकी पदरानं तोंड पुसून खाली बघत राहिली.

गाव सोडणाऱ्यांच्या यादीत पहिली सही माझी आहे. सही करताना हात थरथरला, असं तुम्हाला लिहिणार होते. थरथरला नाही.