मासवणहून हललेलं घर

मासवण. रविवार, १२ डिसेंबर १९६५

सगळ्यांत आधी आली ती बायडी. आमची चूलसुद्धा पेटली नव्हती. डोईवर लाकडांची मोळी तशीच, आणि वाकून गाडीखाली बघते, घराचा पाया कुठंय म्हणून! तिच्यामागं अख्खा पाडा. म्हणते कशी, आई, तुमचं घर रुसून माहेरी गेलं तर? हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

घर म्हणजे जुनी बस. बाकडी काढली, फळ्या टाकल्या, डबे सुतळीनं बांधले, खिडकीत तुळस. माझा लेक भगवंत रस्त्याच्या कामावर मुकादम. तारापूरला अणूचा कारखाना उभा राहतोय, त्याचे रस्ते. काम सरकलं की घर सरकायचं. सून विजया बाळंतपणाला गेली, म्हणून नातीला, चिमीला, सांभाळायला मला जालन्याहून आणलं. जन्मभर दारातून एकच कडुनिंब बघितला. आता रोज नवं अंगण! मला तर लहान झाल्यासारखं वाटतंय.

बुधवार, १५ डिसेंबर

आज आमटी सांडली. गाडी उतारावर, पातेलं तिरकं. भगवंत म्हणतो, घर सरळ आहे आई, तूच वाकडी. मेला.

बायडीची सून नवसी रोज तान्ह्याला घेऊन येते. सुका त्याचं नाव. बायडी म्हणते माझा नातू देखणा, मी म्हणते माझी चिमी देखणी. भांडून झालं की चहा. चिमी तर त्याला खाली ठेवू देत नाही.

शुक्रवार, १७ डिसेंबर. पालघरला आलो.

सुकाला ताप. छाती नुसती घरघरते. बायडी सकाळीच नवसीला नि त्याला घेऊन आली. म्हणाली, तुमचं घर उद्या पालघरला जायचं हाय, आमाला दवाखान्यात सोडाल का? मी म्हणाले, हे काय विचारणं झालं? उजाडलं की या. मनापासून म्हणाले हो, खोटं नाही.

तेवढ्यात चिमीनं त्याच्या गालाला गाल लावला. मी तिला ओढून बाजूला घेतलं. हिला काही झालं तर विजयाला काय तोंड दाखवू?

त्या गेल्यावर भगवंताला सांगितलं, इथलं पाणी बाधतंय, आजच निघू. निघालो. त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्यांना कुणीतरी नेईलच. रस्ता आहे, ट्रक येतात जातात.

रविवार, १९ डिसेंबर

कामावरचा जिवल्या त्याच पाड्यातला. तो सांगत होता. शनिवारी उजाडताच दोघी आल्या. गाडी नाही. पण आईनं सांगितलंय म्हणजे येईल, असं म्हणत बायडी चाकांच्या खुणांपाशी बसून राहिली. दुपारी मूल गेलं. तिथंच, नवसीच्या मांडीवर.

मी त्याला म्हणाले, अरेरे. एवढंच म्हणाले. 

बोईसर. बुधवार, २२ डिसेंबर

इथंही सगळ्यांत आधी आली ती बायडी.

भर उन्हात. आम्ही पोचायच्या आधी येऊन बसलेली. शेजारी नवसी, मांडीवर गाठोडं. रागावली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, आई, उजाडलं. नेता ना? आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं, उद्या या.

भगवंत विचारतो, आई, कुणाशी बोलतेस?

जिवल्याला विचारलं. म्हणाला, त्या दोघी घराबाहेर नाय पडल्या, सकाळीच बघून आलो. मग या कोण?

चिमीला त्या दिसतात. बाळ गार लागतं म्हणते. स्वतःचं दुपटं तिनं त्याला दिलं. दुपटं सापडत नाही.

भगवंताला सांगितलं, इथून हलव घर.

तारापूर. शनिवार, २५ डिसेंबर

रस्ता संपला. पुढं नुसता समुद्र. घर आता कुठं न्यायचं?

त्या आधीच आल्या आहेत. वाळूत बसल्या आहेत. पायाला धूळ नाही.

रविवार

चिमीला ताप. छाती— तशीच. चाकं वाळूत रुतली. भगवंत पायी गेलाय गाडी शोधायला. जाताना म्हणाला, कुणीतरी नेईलच, आई. ते ऐकून मी—

बायडीच्या पाया पडले. सगळं सांगितलं, मीच पळाले, मुद्दाम. म्हणाली, ठावं हाय आमाला. मग म्हटलं, मला घेऊन जा. तिनं मान हलवली. तुमी नाय आई. सुकाला एकट्याला करमत नाय—

तारापूर

भगवंत अजून नाही. दार बांधलंय सुतळीनं. बाहेर दोघी. ऊन आहे, लख्ख ऊन, आणि सावली—

मंगळवारी उजाडलं की आत येऊन नेतो म्हणाल्या. आज सोमवारच आहे ना? चिमीला विचारते, तर ती चादर सारून उठून बसली, दाराकडं बघून हसते आणि हात पुढं—