बारशाचं पाणी

३ जून, सोमवार
कासव पक्षाचे डॉक्टर अमानक्वा प्रेसिडेंटला उभे आहेत. व्हाइस प्रेसिडेंटला जोडीदार हवाय. रेडिओवर म्हणाले, माझ्यात जे नाही ते ज्याच्यात आहे असा माणूस शोधतोय. ऐकलं आणि कोनफळ कापायची सुरी खाली ठेवली. त्यांचं शिक्षण विलायतेचं, माझं तिसरीपर्यंत. ते काटकुळे, मी भरलेली. त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही, माझा टेचिमानच्या बसस्टँडपर्यंत जातो. आणखी काय पाहिजे.
टिवा म्हणते, "मामे, डॉक्टर दक्षिणेचे, म्हणजे जोडीदार उत्तरेचा घेणार. नेहमीचंच आहे." पोटची पोर म्हणून ऐकून घेतलं. माझी जागा बाजाराच्या उत्तर टोकालाच आहे.

४ जून, सकाळी
निवडून आले की पहिलं काम, हाजिया मेमुनातूची शेड मुतारीशेजारी हलवायची. गेल्या वर्षापर्यंत कोनफळवाल्यांची राणी मी होते. बायकांनी बैठक घेतली आणि माझी खुर्ची त्या उत्तरेकडच्या बाईला दिली. कारण काय, तर माझी जीभ. हे सांगायला जी आली तिच्या कानाखाली दिली. जिभेने एक शब्द बोलले नाही.
दुसरं काम, हाजियाचे ट्रक वेशीवर अडवायचे. उन्हात कुजू देत.
आजपासून शिवी बंद. मोठ्या पदाला शोभत नाही.

दुपारी
ट्रकवाल्याला दिली. ट्रकवाले धरायचे नाहीत.

१० जून, सोमवार
पक्षाचे सेक्रेटरी अंसा आले. बरोबर राजधानीचा, अक्राचा एक साहेब. दोघांना उकडलेलं कोनफळ कुटून फुफूचा गोळा वाढला, मटणाचा रस्सा. जेवून साहेब म्हणाला, "मामे फ्रेमा, या बाजारातली एक बाई आमच्या मनात आहे. नाव इतक्यात घेत नाही. बायका तिच्या मागे येतील का?"
समजले. तोंडावर विचारायला लाजतात. आपलं नाव आपण घेऊ नये, म्हणून मीही 'ती' म्हणूनच बोलले. म्हटलं, "तिच्यासाठी बायका उपाशी राहतील. ढिगाच्या तळाशी कुजकं कधी लपवत नाही." हे सांगताना माझ्या ढिगावर ताडपत्री ओढून घेतली. "कोणी भांडलं तर दोघींना घरी नेऊन एका ताटात जेवायला बसवते." हे अजून केलेलं नाही. करणार होते.
"आणि राग?"
"राग तिला ठाऊक नाही."
अंसा लिहून घेत होते. साहेब म्हणाला, "तुमच्या तोंडून ऐकलं, आता दुसऱ्या कोणाला विचारायला नको."
ती बैठक भरवणारी एकेक बाई मला पाठ आहे. सगळ्यांच्या जागा बदलणार.

१४ जून, शुक्रवार
जोडीदाराचं नाव लोकांपुढे जाहीर करतात त्यालाही आमच्याकडे बारसंच म्हणतात, म्हणून बाळाच्या बारशाला लागतात तसे पांढरे कपडे शिवायला टाकले. हाजिया जाता जाता म्हणाली, "काय गं फ्रेमा, आवाज बसला का? बाजार सुना वाटतोय." नुसती हसले. मनात तिची शेड मुतारीच्या आणखी जवळ सरकवली.
अंसांचा फोन. "गुरुवारी जोडीदाराचं बारसं, आपल्या बाजारातच. पांढरं नेसून या, तुमच्याशिवाय व्हायचं नाही."
टिवा म्हणाली, "बारसं कोणाचं ते विचारलंस का?" म्हटलं, बाळ विचारतं का, बारसं कोणाचं?

२० जून, गुरुवार, संध्याकाळी
नाव पुकारलं, हाजिया मेमुनातू. तोवर मी उठून उभी राहिले होते. बसायच्या आत अंसांनी हात धरून स्टेजवर नेलं. माइकवर म्हणाले, "हाजियाची खात्री आम्हाला कोणी दिली? जिची खुर्ची हाजियाकडे गेली, त्याच मामे फ्रेमाने. वैऱ्याची साक्ष खोटी नसते." मग माझं सगळं बोलणं वाचून दाखवलं. राग ठाऊक नाही, इथपर्यंत. बायका ओरडल्या, खरंय, खरंय.
डॉक्टरांनी माझ्या हातात वाटी दिली. बाळाच्या जिभेला पाणी गावातल्या भल्या माणसाने लावायचं असतं. हाजियाने जीभ काढली. बोट बुडवून लावलं. रीतीप्रमाणे म्हटलं, पाणी असेल तर पाणी म्हण, खोटं बोलू नको. मग दारूच्या जागी गोड माल्ट, कारण ती दारूला शिवत नाही. माल्ट असेल तर माल्ट म्हण. माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.
जीभ आत घेऊन ती हळूच म्हणाली, "भांडणाऱ्या दोघींना एका ताटात बसवतेस म्हणे. रविवारी येऊ?"
सगळ्या बघत होत्या. ये म्हटलं.
पण एक आहे. ज्याच्या बोटाचं पाणी, त्याचे गुण बाळाला लागतात. कोणीही म्हातारी सांगेल. म्हणजे आता हाजियाची जीभ सुटणार, आणि तिलाही हाकलणार. मी वाट बघेन.

२३ जून, रविवार
टिवाने विचारलं, पाहुणीसाठी कोनफळ ढिगाच्या तळातलं काढू ना?
वरचं काढ म्हटलं. कुजकं लपवत नाही असं बाजारभर वाचून दाखवलंय.