बैलावरून नागपूरले

ता. ८ एप्रिल ६२

नागपूरचा कागद आला. नर्सच्या शिक्षणाले घेतलं. तीन वर्षं. दवाखान्यात काम करायचं, तिथंच शिकायचं, तिथंच राह्यचं. एक जुलैले हजर पाह्यजे. महागावची नर्सबाई फुलसावंगीच्या बाजारात आलती, तिनंच हातात दिला. माह्यं नाव तिनंच पाठवलंतं. म्हणे, "जमने, आता घरी सांग." जसं काही ते सोपं काम आहे.

याडीले, म्हणजे माह्या मायले, सांगतलं. भाकर थापत होती. "मेलेल्या माणसाले हात लावशील?"

"जिवंताले जास्त लावीन."

भाकर करपली.

ता. ९

बा ऐकून घेते, उत्तर देत नाई. दोर वळत बसला. मग उठून नायकाकडं गेला. आमच्या तांड्यात बैल विकायचा असला तरी नायकाले विचारतात, मी तर पोरगी.

नायकाचा निरोप आला. "आपली पोरगी तांड्यातून बैलावर उभी राहून जाते. मोटारीत बसून नाई." म्हणजे आधी लग्न. सजवलेल्या बैलावर नवरीनं उभं राह्यचं, हात वर करून हवेलीचं गाणं म्हणायचं, तांड्याले आशीर्वाद द्यायचा आन सासरी जायचं. दुसरा रस्ता नाई म्हणे.

रस्ता आहे. फाट्यावर रोज सकाळी मोटार येते.

ता. १४

आज एक चांगलं काम केलं. नायकणीकडं गेली, म्हटलं मले ढावलो शिकव. नवरी सासरी जाताना रडत रडत गाते तो. तिच्यासारखा ढावलो आसपासच्या तांड्यात कोणाले येत नाई, लोक तिले बोलावून नेतात. मी पुसदच्या बोर्डिंगात इतकी वर्षं काढली, मले धड दोन ओळी येत नाईत. नागपूरले जायच्या आधी काहीतरी आपलं संगं न्यावं वाटलं.

नायकणीनं माह्याकडं पाह्यलं आन गळ्याले धरून रडायलेच लागली. "मार छोरी, मार छोरी." माही पोरगी, माही पोरगी. मले वाटलं मी चालली म्हणून रडते. मले पण रडू आलं. मग तिनं शिकवलं. बापाले विचारायचं, माह्यं काय चुकलं, मले काहून काढून देतेस. चाल लांब आहे, दम पुरत नाई.

ता. १६

गाढव आहे मी. पक्की.

विहिरीवर पोरी हसून राह्यल्यात. "कोणत्या तांड्याचा गं?" कोण कोणत्या तांड्याचा? मग कळलं. पोरगी स्वतःहून ढावलो मागते म्हणजे लग्नाले तयार आहे, तोंडानं बोलायचं नसते म्हणून असं सांगते. तांड्यातल्या लेकराले माहीत आहे. मले पण माहीत होतं की, लहानपणी. बोर्डिंगात इसरून गेली.

नायकानं त्याच दिवशी पैनगंगेपलीकडं माणूस पाठवला. पोरगा पाहून ठेवलेलाच होता म्हणे. आन बा, जो कागद आल्यापासून बोलला नाई, तो आज गोठ्यात गाणं म्हणत होता. ते पाहून मले जास्त राग आला. त्याच्यावर नाई. कोणावर ते कळलं नाई.

ता. १७

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर, नायकाच्या अंगणात. मले लग्न नाई करायचं, मी गाणं शिकाले गेलती.

नायक म्हणे, "तू मागतलं, तिनं देलं. मागतलेला ढावलो रिकामा जात नाई. तांड्याले बाधते."

"मंग मी काय करू?"

"म्हणायचा. वेळ आली की."

नायकण आत होती, बाहेर आली नाई. बायका बोलत नाईत माह्याशी. याडी बोलते, पण फक्त जेव आन ऊठ.

ता. २६

महागावले गेली, नर्सबाईकडं. सगळं सांगतलं. ती तर लगेच तयार. "तीस जूनले माझ्याकडं ये. कुणाला सांगू नको. मी मोटारीत बसवून देते."

मी नाई म्हटलं.

ती चिडली. "मग बस लग्न करून."

तिले समजावून सांगता नाई आलं. इथं लिहिते. तांड्यातल्या चार पोरी शाळेत जाऊन राह्यल्या. मी पळाली की दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाट्या फुटतील. शाळेत गेलेली पोरगी पळते, एवढंच उरंन. आन माह्यं काय? मी चोरी केली का? जाईन तर नायकाच्या दारासमोरून जाईन, दिवसाउजेडी.

येताना पायी आली. ऊन लय होतं. राग होता म्हणून चालवलं.

ता. ११ मे

पाहुणे आले. पोरगा नाई, त्याचा काका आन दोघं. गूळ घेऊन. तो गूळ सगळ्यांनी खाल्ला की सगाई पक्की, मग मोडता येत नाई.

काका बरा माणूस होता, मिशीवाला. बाले विचारते, "पोरीले काय काय येते?" मी आतून म्हटलं, "सुई टोचता येईन, तीन वर्षांनी."

कोणी हसलं नाई. मग मी बाहेरच आली. पदर घेतलाता, तेवढी अदब ठेवली. म्हटलं, काका, मी एक जुलैले नागपूरले चालली. तुमच्या पोराचं काही वाईट नाई. थांबायचं असंन तर थांबा, नाई तर दुसरी पाहा. पण आज गूळ फोडू नका.

काकानं गुळाकडं पाह्यलं, नायकाकडं पाह्यलं. मग फडक्यात परत बांधला. चहा पिऊन गेला. जाताना मले म्हणे, "माह्या बायकोच्या कंबरेवर औषध असते का काही?" म्हटलं शिकून सांगते.

बा गोठ्यात जाऊन बसला.

ता. १२

नायकाचं फर्मान. जायचं तर जा. पण बैलावाचून तांड्याबाहेर गेलेल्या पोरीनं परत तांड्यात यायचं नाई. आईबाप मेले तरी नाई.

याडी आज रडली. मी पण. लिहवत नाई.

ता. ३ जून

तीन आठवडे डोकं खाजवलं. आज गेली नायकाकडं. म्हटलं, ठीक आहे, मी बैलावरच जाते.

नायकाले हसू फुटलं. "नवरा कोठी हाय?"

"तुमच्या फर्मानात बैल होता. नवऱ्याचं नाव मी नाई ऐकलं."

तो लाल झाला. तेवढ्यात नायकण बाहेर आली, एप्रिलपासून पहिल्यांदा माह्यासमोर उभी राह्यली. मले वाटलं आता हाणते. तर नवऱ्याले म्हणे, "मागतलेला ढावलो रिकामा जात नाई, असं कोण बोललं? तू बोलला ना? मंग म्हणू दे तिले. माह्या गळ्यातला हाय तो, फुकट गेला तर मले बाधंन. आन हवेलीत तांड्याले आशीर्वाद देतात. त्यात नवरा कायले लागते?"

नायकानं पागोटं उचललं आन वावराकडं गेला. व्हय म्हटलं नाई. नाई पण म्हटलं नाई.

ता. ४ ते २०

रोज दुपारी नायकणीकडं. दम पुरते आता. शिकवताना ती मायेनं बोलत नाई. चुकलं की मांडीवर चापट मारते. मले हेच आवडते.

ता. २४

नायक म्हातारे लोक जमवून बसला. काय ठरलं कोणी सांगत नाई. बा तिथं होता. विचारलं तर म्हणे, "बोलले लोक." बस, एवढंच.

नर्सबाईचा निरोप, तीसले येतेस की नाई? पाठवलं, येते. फाट्यावर. पाहायले ये.

ता. २९

उद्या.

पेटी बांधली. याडीनं काचा लावलेली नवीन ओढणी ठेवली वर. कधी शिवली देव जाणे. म्हटलं, दवाखान्यात हे नाई चालत. म्हणे, "बैलावर चालते."

बा सकाळी आमच्या धवळ्या बैलाले नाल्यावर घेऊन गेलता. घासून पुसून आणला, शिंगांले तेल लावलं. गोठ्यात नाई नेला, दारापुढं बांधला. माह्याकडं पाह्यलं नाई. बोलला तर नाईच. मी बाची पोरगी आहे, मले समजते.

नायकाचं दार दिवसभर बंद. उद्या तो निरोप द्यायले उभा राहील की आडवा, कोणाले माहीत नाई. नायकण पण सांगू शकली नाई. मी निघणार, हे मात्र त्याले माहीत आहे.

संध्याकाळी नायकणीनं शेवटचा ढावलो म्हणून घेतला. त्यात सासरच्या तांड्याचं नाव घ्यायची जागा येते. तिथं थांबवलं तिनं मले. "इथं काय म्हणशील?"

"नागपूर."

तिनं मनात म्हणून पाह्यलं. मान हलवली. "चालीत बसत नाई."

म्हटलं, बसवीन.